बदकाने गिळलेली किल्ली

आमच्या गावात श्रावणात मारोतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओव्या वाचतो आणि दुसरा त्यांचा अर्थ सांगतो. वाचणारा कोणीही चालतो. चष्मा असला आणि आवाज बरा असला की झालं. अर्थ सांगणारा मात्र ठरलेला असतो, आणि तो मान बरीच वर्षं माझ्या वडिलांकडे आहे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. एका ओवीवर ते कितीही वेळ बोलू शकतात. तेवढ्यात देव आमच्या नाल्यावरून दोनदा जाऊन येतो आणि कोणाच्या तरी बांधावर बसून भाकरही खातो.

भाचीच्या इंग्रजी पुस्तकाचं जे झालं ते या रीतीमुळे झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

भाची म्हणजे माझ्या दादाची मुलगी. पहिलीपर्यंत ती गावातल्या शाळेत होती. मग दादाने तिला रिसोडच्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज सकाळी पिवळी व्हॅन येते, ती जाते, संध्याकाळी परत येते. मधल्या वेळात ती बोलत नाही. घरी ती कोंबड्यांशीसुद्धा भांडते, पण वर्गात तिच्या तोंडातून शब्द निघत नाही. तिच्या बाकावर रिसोडचीच एक मुलगी बसते. ती हिच्या वतीने बोलते. हिला पाणी प्यायला जायचंय, हिची पेन्सिल हरवली, हिला उत्तर येतं पण ती सांगणार नाही, हे सगळं ती मैत्रीण उभी राहून इंग्रजीत सांगते.

पालकसभेला मी गेले होते. घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, त्यामुळे शाळेचं काम माझ्याकडे. मॅडम चांगल्या आहेत, तरुण आहेत, आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. प्रत्येक मुलाने एक गोष्टीचं पुस्तक निवडायचं आणि त्यातली गोष्ट वर्गापुढे इंग्रजीत सांगायची. तेव्हाही ही बोलली नाही तर हिला परत तिसरीत बसवावं लागेल.

"आम्ही नापास करत नाही हं," त्या म्हणाल्या. "पालकच तशी विनंती करतात."

मी मान हलवली. कोणते पालक अशी विनंती करतात हे विचारायला हवं होतं, पण मी शाळेत असतानाही कधी काही विचारलं नाही. अशाच एका शाळेत मी दहा वर्षं काढली. उत्तर येत असायचं आणि हात वर जायचा नाही.

भाची बाहेर झाडाखाली उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण जीपमध्ये बसल्यावर तिने एवढंच विचारलं, "मंग थे चौथीत जाईन अन् मी नाही?"

'थे' म्हणजे बाकावरची मैत्रीण.

"तू पण जाशील," मी म्हटलं. "आपण एक छान पुस्तक आणू."

पुस्तक मी निवडलं. लहान मुलांसाठीचं, मोठ्या अक्षरांचं, प्रत्येक पानावर चित्र, आणि प्रकरणं अशी छोटी की एक संपेपर्यंत चहा थंड होऊ नये. नदीकाठच्या एका शहरात एक मुलगी राहते आणि तिच्याकडे एक खादाड बदक आहे. ते बदक शहराच्या मोठ्या घड्याळाची किल्ली गिळतं. घड्याळ बंद पडतं आणि सगळ्या गावाचा गोंधळ उडतो. मग ती मुलगी बदकाला बाथटबमध्ये बसवते आणि नदीतून किल्लीवाल्याला शोधायला निघते. दर प्रकरणाच्या शेवटी नवीन आफत. कधी धबधबा, कधी चोर. मी ते आधी एकटीने वाचलं आणि मोठ्याने हसले. वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, फोन आला का कोनाचा?"

पहिल्या दिवशी आम्ही ओसरीत बसलो. मी वाचत होते. मला आवाज बदलून, हातवारे करून वाचता येत नाही, लाज वाटते. भाची मांडीवर हात ठेवून, शाळेत बसते तशी बसली होती. पहिलं प्रकरण संपलं. मी विचारलं, "समजलं?" तिने मान हलवली. मी त्या मानेला चांगली ओळखते. मॅडमसमोर मी हलवली होती तीच ती.

आबा बाजूला बेण्यासाठी हळदीचे गड्डे निवडत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "वाचलं. बरं वाचलं. अन् अर्थ कोन सांगते?"

"आबा, इंग्रजी आहे ते."

"मंग? पोथी तरी कोनाले समजते? अर्थ सांगतल्यावरच समजते."

ते उठले. हात-पाय धुऊन आले. आतून पाट आणला, माझ्या मांडीवरचं पुस्तक उचलून त्यावर ठेवलं आणि समोर बसले.

"पुस्तक मांडीवर घेऊन वाचत नसतात. हं, थोडं थोडं वाच. काय हाये थे मले सांग. मंग तू चूप राय."

मी सांगितलं, "एका नगरात एक मुलगी राहत होती. तिच्याजवळ एक खादाड बदक होते." माझी मराठी अशीच आहे, पुस्तकात असते तशी. आबांनी डोळे मिटले, मग भाचीकडे वळले.

"तं आयका. पैनगंगेच्या काठी एक गाव. गाव आपल्यासारखंच, पन जरा बेशिस्त. तठी एक पोट्टी, भलती हट्टी. कोनासारखी?"

भाचीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तिच्यासारखी नाही, तुह्यासारखी. तिच्यापाशी बदक. बदक कसं खाये? काल तुह्या बापानं भाकरी खाल्ल्या, तसं खाये."

भाची हसली. आतून दादा ओरडला, "आबा, म्या दिवसभर काम केलं होतं!"

घड्याळाची किल्ली आबांना पटली नाही. "घड्याळ बंद पडलं तं कोनाचं काय अडते? सूर्य हाये ना." त्यांनी थोडा विचार केला आणि बदकाने ग्रामपंचायतीच्या कुलपाची किल्ली गिळली. "आता सकाळी ग्रामसेवक आला. पाह्यते तं कुलूप. किल्ली बदकाच्या पोटात. थो काय म्हनला असन?"

"घरी जातो म्हनला असन!" भाची म्हणाली.

"शाब्बास! अन् खुशीत गेला. सरपंच बोंबलत राह्यला."

"आबा," मी म्हटलं, "पुस्तकात ग्रामसेवक नाही."

"मंग थो कुठी गेला? गाव हाये अन् ग्रामसेवक नाही, असं होते का?"

बाथटबवर बराच वेळ गेला. माणूस बसून आंघोळ करतो ते मोठं भांडं, असं मी सांगितलं. "बसून? स्वतःच्याच मळाच्या पान्यात?" त्यांना ती गोष्ट भाचीच्या कानावर घालायचीच नव्हती. शेवटी बदक आणि ती मुलगी हळद शिजवायच्या कढईत बसून निघाले. दोन कड्या असतात, धरायला सोयीचं, असं आबांनी तिला समजावलं.

तेव्हापासून रोजचं ठरलं. मी दोन ओळी वाचायची, हळू आवाजात मराठी सांगायची आणि गप्प बसायचं. मग आबा बोलायचे. वहिनी पोळी तव्यावर ठेवून दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि पोळी करपायची. माझं दोन ओळींचं वाक्य आबांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्यात बाजारसमितीचा काटा यायचा, सोयाबीनच्या पोत्यावर झोपलेला हमाल यायचा, नदीच्या पलीकडून कोणीतरी हुज्जत घालायचं. एकदा लाइट गेली. मी म्हटलं, उद्या पुढचं वाचू. आबांनी बॅटरी आणायला लावली. "अध्याय अर्धा ठेवत नसतात."

भाची बोलू लागली होती. आबांनी थांबून "आयकून राह्यले ना?" म्हटलं की ती "हाव" म्हणायची. मग ती पुढचं स्वतःच सांगायला लागली. गोठ्यात, नळावर, व्हॅनची वाट पाहताना ती कोणालाही धरून बदकाचं सांगायची, अगदी आबांसारखा उजवा हात उचलून. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण परीक्षा जवळ येत होती आणि ती सांगत होती त्यातला एकही शब्द इंग्रजी नव्हता.

मी तिला गच्चीवर घेऊन जायची. काही सोपी वाक्यं बसवली. एक मुलगी होती. तिच्याकडे बदक होतं. बदकाने किल्ली गिळली. ती ते इंग्रजीत म्हणायची, भिंतीकडे तोंड करून, औषध घेतल्यासारखं. मी विचारायची, "पुढे?" पुढे काही नाही. दोन मिनिटांनी खालून तिचाच आवाज यायचा, आणि कढई पैनगंगेच्या भोवऱ्यात गरगर फिरत असायची.

एक दिवस मी हिंमत केली. "आबा, तिला परीक्षेत पुस्तकातलंच सांगायचं आहे. तुम्ही जरा पुस्तकाप्रमाणे सांगाल का?"

"म्या काय खोटं सांगून राह्यलो?"

"तसं नाही. पण इंग्रजीत सांगायचं आहे."

"सांगन ना. गोष्ट पोटात गेली का भाषा मागून येते. बैल पुढं, गाडी मागं."

बैल तर पुढे चालला होता, पण गाडी त्याला जुंपलेलीच नव्हती. हे मला तेव्हाच सुचलं, पण मी बोलले नाही. आबांचा चेहरा इतका खुलला होता. श्रावण नसताना त्यांना कोणी ऐकायला बसत नाही.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तुमी सांगा ना त्याईले. परीक्षा तोंडावर आली."

"सांगितलं मी. तुम्ही सांगून बघा ना."

"मी? सुनेनं सांगायचं अन् सासऱ्यानं आयकायचं! तुमी लेक हाये, इंग्लिश शिकलेल्या. तुमचं बी कोनी आयकत नसन तं मंग इतकं शिकून काय फायदा झाला बाप्पा?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

परीक्षेच्या दिवशी घरी हळद शिजत होती. अंगणात वाफ, मजूर, धूर. वहिनी ते सगळं दादावर टाकून माझ्याबरोबर निघाल्या. त्या शाळेच्या आत कधी गेल्या नव्हत्या. पोरगी इंग्रजीत बोलणार, ते ऐकायचं होतं त्यांना. घासूनही हात पिवळेच राहिले होते, म्हणून जीपमध्ये वाटभर त्यांनी ते पदराखाली ठेवले.

पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. मुलं एकेक करून पुढे येत होती आणि पाढे म्हणावेत तशा गोष्टी म्हणत होती. बाकावरच्या मैत्रिणीने सिंहाची गोष्ट सांगितली, न अडखळता. मग भाचीचं नाव पुकारलं गेलं.

ती पुढे गेली. पहिलं वाक्य म्हणाली. दुसरं म्हणाली. बदकाने किल्ली गिळली, हेही म्हणाली. आणि थांबली.

पंख्याचा आवाज येत होता. मॅडम हसून म्हणाल्या, "येस, अँड देन?" मैत्रीण जागेवरूनच ओठ हलवून काहीतरी सुचवायला बघत होती, पण तिला गोष्टच माहीत नव्हती. मीही ओठ हलवले. पुढचं वाक्य मी इतक्यांदा घेतलं होतं की तिला ते नुसतं बघून कळायला हवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. वहिनी कुजबुजल्या, "काहून थांबली?"

मग भाचीने उजवा हात उचलला.

"तं आयका," ती म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "इन इंग्लिश, बेटा." पण कढई नदीत पडली होती. मॅडम पुन्हा एकदा म्हणाल्या. तोपर्यंत अर्धा वर्ग हसत होता. तिला हसत नव्हता, तिच्याबरोबर हसत होता. तिसऱ्यांदा मॅडम काही म्हणाल्या नाहीत.

"मंग सारं गाव गोळा झालं. कोनी म्हने, बदकाले एरंडेल पाजा. कोनी म्हने, उलटं टांगा. सरपंच म्हने, असं कसं, आधी ठराव घ्या. तं बदक म्हने, ठराव घ्याले पंचायत उघडा लागते, अन् किल्ली तं माह्या पोटात हाये! आयकून राह्यले ना?"

"हाव!" मैत्रीण ओरडली. मग सगळा वर्ग ओरडला. शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात डोकावून गेल्या. आमच्या मॅडमनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. "बोलली ना ताई! कशी बोलली! माय वो, कशी बोलली!" माझ्या बाहीवर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले.

आबांनी सांगितलेला अध्याय तिने पूर्ण केला. टाळ्या वाजल्या. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ती हसत होती. शाळेत हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

सगळं संपल्यावर मॅडमनी आम्हाला टेबलाजवळ बोलावलं. भाची वहिनींचा पदर धरून उभी होती. मॅडमनी पुस्तक हातात घेऊन पानं उलटली. सरपंच शोधत असाव्यात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात इंग्रजीत बोलू लागल्या. दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेऊन बोलतात ना, तसं. त्या म्हणाल्या की वर्षभरात त्यांनी या मुलीचा आवाज ऐकला नव्हता आणि आज त्या किती हसल्या. पण मार्क इंग्रजीचे द्यायचे आहेत आणि इंग्रजी वाक्यं तिला तीनच आली. चौथीच्या मॅडम कोणासाठी थांबत नाहीत, तिथे ही मागेच पडेल. तेव्हा तिला परत तिसरीत बसवणंच बरं. आईला तुम्ही हे हळू, नीट शब्दांत सांगा.

"काय म्हनून राह्यल्या?" वहिनी हसतच होत्या.

"वहिनी, मॅडम म्हणतात की ती फार छान बोलली."

"हाव, बोललीच. अन्?"

"आणि..."

मी शब्द शोधत होते. मला दोन्ही भाषा येतात. प्रत्येक वाक्याचं मराठी माझ्याकडे तयार होतं आणि त्यातलं एकही त्या चेहऱ्याला सांगता येत नव्हतं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मॅडम बघत होत्या.

"मम्मी," भाची म्हणाली. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "मॅडमले गोष्ट लय आवडली. पन मले इंग्लिशचे तीनच वाक्य आले. चौथीतल्या मॅडम कोनासाठी थांबत नाहीत. म्हनून मले तिसरीतच बसवून राह्यले." थोडं थांबून ती म्हणाली, "अन् हे तुले हळू सांगा म्हने."

तिने काही वाढवलं नव्हतं आणि काही गाळलंही नव्हतं.

मॅडमनी पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "मॅडम, तिला कळलं सगळं. तुम्ही इंग्रजीत बोललात, ते."

मला वाटतं, शाळेच्या इमारतीत इतकं लांब वाक्य मी आपणहून पहिल्यांदाच बोलले.

"कळतं तिला," मॅडम म्हणाल्या. आता त्या मराठीत बोलत होत्या. "मला ते आत्ताच दिसलं. पण कळण्याचे मार्क नसतात हो या परीक्षेला. बोलण्याचे असतात. मला वर कागद दाखवावे लागतात."

"हो, मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणता आलं असतं ते आजही मला सांगता येणार नाही.

वहिनींचे हात परत पदराखाली गेले. "मंग आता काय करा लागते ताई?" त्यांनी मला विचारलं. मी शिकलेली होते, मलाच विचारणार. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही एकमेकींना कधी हात लावत नाही, त्यामुळे तो हात तिथे कसा ठेवायचा हेही मला कळेना.

भाची दप्तर आणायला बाकाकडे गेली. मैत्रीण तिची वाट बघत थांबली होती. हिची बाटली तिनेच भरून ठेवली होती.

"किल्ली निघते का गं शेवटी?" तिने विचारलं.

"अजून आत्यानं तिथवर वाचून दाखवलं नाही."

बाहेर रिसोडच्या मुलांच्या व्हॅनचा हॉर्न वाजला. मैत्रिणीने दप्तर खांद्यावर टाकलं, दारापर्यंत पळत गेली आणि मागे वळली.

"मग चौथीत सांगशील मला? पहिल्याच दिवशी?"

भाची बाटलीचं झाकण घट्ट करत होती.

"हाव," ती म्हणाली.